पडद्याआडची मोजणी

आमचा कसबा हैदराबादपासून टांग्यानं दोन तासांवर. राज्य निजामाचं, कारभार उर्दूतला, आणि आमच्या घरातले पुरुष तीन पिढ्या सरकारी नोकरीत. त्यामुळे आम्ही स्वतःला गावातले मोठे शहाणे समजत असू. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, पैमाइशीच्या म्हणजे जमीन मोजण्याच्या खात्यात होते. मी अकरा वर्षांची असताना शहर आमच्याकडे सरकू लागलं. साहेब लोक आले, काठ्या रोवून गेले. मोटारीचा रस्ता होणार, दिवे येणार, नळ येणार! सगळ्यांना हर्षवायू व्हायचाच काय तो बाकी होता. रस्ता आपल्या घरावरून जाईल असं कुणाच्याच मनात येत नव्हतं.

आमच्या दारापुढची गल्ली इतकी अरुंद, की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागं हटावं लागे. गल्लीपलीकडे खालाचं घर होतं. खाला विधवा, कडक पडदा पाळणारी. सख्ख्या मावशीनं केले नसते एवढे लाड तिनं माझे केले. आमच्या सोवळ्याची काळजी आमच्यापेक्षा तिलाच जास्त. शिजवलेलं कधी दिलं नाही. तिच्या झाडाचे जाम, पेरूला आम्ही जामच म्हणतो, धुऊन पुसून अख्खे हातावर ठेवायची. झाड मागच्या अंगणात होतं. ते अंगण केवढं आहे, हे बाहेरच्या एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं.

एके सकाळी नाना म्हणाले, "आज शाळा राहू दे. खालाकडे फीत धरायला चल. आत बायका, मी कसा जाणार? विचारलं तर सांग, नळ यायचाय."

मला कोण आनंद झाला! नाना ड्योढीत, म्हणजे देवडीत, पडद्याच्या बाहेर, फितीची चामडी डबी धरून उभे राहिले. मी फितीची पितळी कडी घेऊन आत शिरले.

"क्या मापरे बेटी?" खालानं विचारलं.

"नल आरा खाला! तुमारे आँगन में!"

"सच्ची? अल्ला तेरे अब्बा कू सलामत रक्खे."

फीत सरळ जावी म्हणून तिनं स्वतःच्या हातानं बाज बाजूला ओढली, मातीचे घडे उचलले. मी धावत मागच्या भिंतीला कडी टेकवली आणि ओरडले, "पोचले!" पडद्याबाहेर नानांनी आकडा लिहून घेतला. मग रुंदीही मोजली. निघताना खालानं ओंजळभर जाम दिले आणि नानांसाठी पडद्याआडून विडा पाठवला.

दोन महिन्यांनी खालाच्या भिंतीवर चुन्याच्या खुणा पडल्या. आमच्या बाजूला एकही नाही.

त्या दुपारी जेवताना नाना आईला समजावत होते. मी शेजारीच बसले होते, पण मुलीला काय कळतंय! गल्लीची एक बाजू मागं घ्यायचीच होती. ज्यांच्यामागं मोकळी जागा जास्त, त्यांची घरं तोडायची, असं ठरलेलं. कागदावर आमचंच परसू मोठं दिसत होतं, कारण समोरच्या घराचं आतलं माप कुणाकडे नव्हतंच. "ते मिळालं, आणि रेघ पलीकडे सरकली," नाना म्हणाले.

मला वाटलं, आई आता काहीतरी बोलेल. आई म्हणाली, "वाचलो म्हणायचं," आणि त्यांना भात वाढला.

नानांनी केसानं गळा कापला, आणि त्या कामाला लेकीचा हात वापरला. बरं, मी तरी काय केलं? त्याच आठवड्यात त्यांनी सुलतान बाजारातून माझ्यासाठी रेशमी परकर आणला. मी तो नेसले, मैत्रिणींना दाखवला. त्याची लाज आजही वाटते.

खालाला कचेरीत जाणारा पुरुष नव्हता. तिची अर्जी नानांनीच लिहून दिली. अक्षर त्यांचं सुरेख होतं, आणि अर्जीचा उपयोग नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नानांचं मीठ खाऊन मी वाढले, त्यांचं दुखणंखुपणं काढलं, पण त्यांनी 'माझ्यावर विश्वास ठेव' म्हटलं की माझं तोंड कडू होई. हे मी त्यांना अखेरपर्यंत सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

खाला निघाली त्या दिवशी दारात छकडा उभा होता. सामान चढलं होतं. गल्लीतल्या बायका ड्योढीत पडद्याच्या आत जमल्या होत्या, आणि ती त्यांच्यात उघड्या चेहऱ्यानं बसून एकेकीचा निरोप घेत होती. मीही घुसले. मला सांगायचं होतं, की खाला, मला खरंच नळ वाटला होता. बायकांनी मला वाट दिली. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मापनेवाले आए," ती शांतपणे म्हणाली, आणि परक्या पुरुषापुढं ओढावी तशी तिनं ओढणी तोंडावरून खाली ओढली.