धुतलेलं फावडं

पेणपासून रोह्यापर्यंत एखादी वस्तू निकामी झाली की तिला दोनच वाटा उरतात: एक भंगारवाला आणि दुसरे माझे थोरले साडू. भंगारवाला वजन बघतो, साडू तीन प्रश्न विचारतात. वस्तू कोणी वापरली, घरात कुठे ठेवत आणि वापर का थांबला? उत्तरं आली नाहीत तर पितळेचा भलामोठा हंडासुद्धा ते दारातून परत पाठवतात. आली तर मोडकी विळी आणणाऱ्याला खुर्ची आणि चहा देतात. धाटावच्या एका कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झाल्यावर त्यांनी रोह्यात दोन खोल्यांचं संग्रहालय काढलं. मी एकदा मोजल्या तेव्हा तिथे तीनशे बारा वस्तू भरल्या, त्यांच्या वहीत मात्र तीनशे तेरा. उरलेली एक कुठे, असं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, “तुमच्याकडे.” लाकडी पायलीला भुंगा लागला होता, आणि भुंगा गारठ्यानं मरतो म्हणून ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी आमच्या फ्रीजरमध्ये सुरमईशेजारी ठेवली होती. माझी बायको म्हणाली, “भावोजींना सांगा, इतिहास घेऊन जा, मला मासे ठेवायचेत.” पायली पंधरा दिवस हलली नाही.

वस्तूवर क्रमांक घालायचीही त्यांची रीत आहे. आधी नखाएवढ्या जागेवर पारदर्शक लेप, तो वाळला की त्यावर आकडा. का, तर पुढे कोणाला वाटलं तर आकडा निघून यावा, लाकडाला कळूही नये. खुर्चीवर बसून, श्वास रोखून ते आकडे काढतात. त्या वेळी बोललेलं त्यांना चालत नाही.

तीन वर्षांपूर्वी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून एक म्हातारी एसटीनं आली. जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं नवऱ्याचं मिठागरातलं लाकडी फावडं आणलं होतं. पहिल्या दोन प्रश्नांना तिनं भरभरून उत्तरं दिली. तिसऱ्याला, “तो गेला,” एवढंच. पावसाळ्यात त्या फावड्याला पाणी सुटू लागलं. लाकडात मुरलेलं मीठ हवेतली ओल ओढत होतं आणि खिळे गंजत होते. साडूंनी ते अकरा दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवलं. रोज सकाळी पाणी बदलायचं, आणि बदलण्याआधी बोट बुडवून चाखायचं. बाराव्या दिवशी चव लागली नाही तेव्हा सावलीत वाळवून त्यांनी ते मोठ्या समाधानानं भिंतीवर लावलं.

दिवाळीनंतर म्हातारी बघायला आली. मी तिथेच होतो. तिनं दांड्यावरून हात फिरवला, बोट जिभेला लावलं आणि विचारलं, “मीठ कुठं गेला, भाऊ?” साडूंनी सगळं समजावून सांगितलं: खिळे, ओल, लाकूड कसं कुजलं असतं.

“कुजला असता,” ती म्हणाली, “पन त्याचा असता. आता ही नुसती फली हाय.”

साडूंनी फावडं उतरवून तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं नाही, तशीच स्टँडकडे गेली. त्या दिवशी साडूंनी चहा घेतला नाही.

कंपनीत प्रत्येक मालाचा थोडा नमुना राखून ठेवतात. त्या सवयीनं फावडं बुडवलेलं पहिल्या दिवशीचं पाणीही त्यांनी एका बाटलीत भरून, चिठ्ठी लावून फडताळात ठेवलं होतं. ते आठवायला त्यांना दोन दिवस लागले. स्टीलच्या ताटात ओतून ते पाणी त्यांनी गच्चीवर वाळवलं आणि पाखरं येतील म्हणून स्वतः उन्हात बसून राहिले. तळाला मळकट मीठ उरलं. त्याची पुडी घेऊन आम्ही दोघं तिच्या गावी गेलो.

तिनं दोन कण जिभेवर ठेवले. मग पुडी पदराच्या टोकाला बांधली. फावडं परत आणून देऊ का, असं साडूंनी विचारलं, तेव्हा म्हणाली, “नको. आता तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. लोकं बघतील तरी.”

संग्रहालयातून कायमची बाहेर गेलेली आजवरची ती एकच वस्तू. वहीत नोंद आहे: मीठ, एक चिमूट, दिलं कोणाला, तर फावडेवाल्याच्या बायकोला. वजनाचा रकाना कोरा आहे. सही घ्यायची राहिली, असं साडू सांगतात. पण त्या दिवशी वही पिशवीतून त्यांनी काढलीच नव्हती.