जबड्याखालची दोन बोटं

“हालू नोको, बापू.” वस्तरा लावण्याआधी आमचे सलूनवाले भाऊ गिऱ्हाइकाच्या जबड्याखाली दोन बोटं टेकवत आणि क्षणभर थांबत. नाडी बघता की काय, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं. म्हणाले, “मानूस घाबरला असन तं समजते, सर. मंग हात हलका ठेवतो.”

अमरावतीतल्या आमच्या गल्लीत मेडिकलच्या क्लासची पोरंच पोरं. माझा मुलगाही त्यातलाच. अशा पोरांच्या गप्पा तुम्हीही ऐकल्या असतील. एकदा सलूनच्या बाकावर बसलेले दोघं म्हणाले, “शनिवारी एमडी करू.” भाऊंना वाटलं, डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणाचं चाललंय. “करा बापू, करा. मोठे व्हा.” मला हे त्यांनी कौतुकानं सांगितलं आणि मीही कौतुकानं ऐकलं.

रविवारी सकाळी त्यातला एक दाढीला आला. डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, घाम सुटलेला, दात एकमेकांवर घासत होते. बोटांखाली नाडी शिलाई मशीनसारखी पळत होती. भाऊंनी वस्तरा मिटला. “आज नाई होत दाढी. झोपून ये, बापू.”

तो खोलीवर गेला आणि दुपारी मेला. एमडी म्हणजे नशेची पांढरी पावडर, हे आम्हाला पोलीस आले तेव्हा कळलं.

“दवाखान्यात न्याचं सोडून मी त्याले झोपाले धाडलं,” असं भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत.

त्यांचा मुलगा अकोल्याला शिकायला होता. दर सोमवारी दुकान बंद असे. त्या दिवशी भाऊ पहिल्या बसनं अकोल्याला जाऊ लागले, वस्तरा-कात्रीची धोकटी काखेत मारून, मुलाची दाढी करायला. एकोणीस वर्षांच्या पोराची दाढी ती केवढी! पण परतताना त्यांचा चेहरा सैल झालेला असे.

एका सोमवारी मात्र परत येऊन ते आपल्याच खुर्चीत बसले. “दाढी वाढवून राहिला तो. बोटं लावू देत नाई मले.”

“फॅशन असेल, भाऊ.”

“असन,” म्हणाले. धोकटी मांडीवरून खाली ठेवलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाला कुलूप आहे. भाऊ अकोल्यातच असतात म्हणे, मुलाच्या खोलीवर. फोन करायची मला भीती वाटते.

काल माझा मुलगा क्लासहून आला. मी त्याच्या जबड्याखाली दोन बोटं टेकवली.

“काय करून राहिले, बाबा?”

“हलू नको.”

नाडी जोरात पळत होती. जिना चढून आला होता, म्हणूनही असेल. कितीपर्यंत ठीक असते, हे भाऊंना विचारायचं राहूनच गेलं.