गोराईची डुलती रेकॉर्ड

मुलुंडहून निघताना माझ्या एका हातात सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर होता आणि दुसऱ्या हातात रिकामी पत्र्याची ट्रंक. "लोक रविवारी गोराईहून मासळी आणतात, तुम्ही काय आणणार?" बायकोने विचारलं. मी आणणार होतो जुनी अमेरिकन नाचाची गाणी. बँकेतल्या माझ्या सहकाऱ्याच्या काकांनी, इनास अंकलनी, निरोप धाडला होता. त्यांचा प्लेअर तीन वर्षांपूर्वी मोडला होता आणि खाऱ्या हवेने रेकॉर्डी खराब होत होत्या. सगळ्या मला द्यायला ते तयार होते, पण अट एक होती: त्यांचं नि त्यांच्या बायकोचं नाचाचं गाणं एकदा वाजवून दाखवायचं.

अंकल पूर्वी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. अमेरिकेच्या बंदरांतल्या हॉटेलांत नाणं टाकलं की गाणं वाजवणारी यंत्रं असत. त्यांतल्या जुन्या झालेल्या रेकॉर्डी त्यांनी किरकोळ पैशांत घेतल्या. आता सोल आणि रॉक अँड रोल असं तिकडचं संगीत म्हटलं की लोक चार मोठी नावं सांगतात. माझा जीव अडकतो तो दोन रेकॉर्डी काढून कायमचे गप्प झालेल्या गायकांत. एखादी बाई अशी गाते, जणू उद्या तिला कुणी माईक देणारच नाहीये. बहुतेकदा तसंच झालेलं असतं.

बोरिवलीहून बसने खाडीवर आलो, तर ओहोटी. लाँचवर फळीवरून चढताना पाय सरकला आणि ट्रंक एका कोळीणबाईंच्या पाटीवर आपटली.

"अरं दादा, नांदायला चाललास काय ट्रंक घेऊन?"

मी कारण सांगताच त्यांचा राग पळाला. "इनासकडं? त्याची गाणी लई डुलतात. गावातली लग्नं झालीत त्यांवर."

मला वाटलं, बाई कौतुक करतायत.

पलीकडून टांग्याने गावात पोचलो. अंकल ओट्यावर जाळं विणत बसले होते. त्रेझा आंटींनी आधी जेवायला बसवलं: बोंबलाचं कालवण आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव). मी सात फुगे खाल्ले. आंटी स्वतः मात्र जेवल्या नाहीत. ठेवणीतलं लुगडं नेसून त्या प्लेअरकडे बघत होत्या.

"तीन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "पाय विसरले नसतील ना रे?"

या रेकॉर्डींच्या मधलं भोक रुपयाच्या नाण्याहून मोठं असतं. आपल्या प्लेअरवर लावायचं तर त्यात चकती बसवावी लागते. माझ्याकडे खास मागवलेली पितळी चकती होती. अचूकपणाचा मला जरा गर्वच आहे. मी ती बसवली आणि सुई टेकवली. स्वच्छ, सरळ आवाज. टाळ्या, सॅक्सोफोन आणि कुण्या अनोळखी बाईचा घसा.

दोघं उभे राहिले. चार पावलं टाकली आणि अडखळले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळले. आंटी अंकलचा हात सोडून खुर्चीत बसल्या.

"माझे पाय गेले इनास," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "गेलं समदं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंकल कान देऊन ऐकत होते. "तुझे पाय नाय गेले गं. हे गाणंच आपलं नाय."

ते उठले आणि कपाटातून एक लाकडी चकती घेऊन आले. जाळं तरंगावं म्हणून बांधतात त्या बोयाची, तरुणपणी त्यांनी कोयत्याने कापलेली. मी पाहिलं, मधलं भोक चांगलं सुतळीभर एका बाजूला होतं. "याने सूर हलेल अंकल," असं तोंडावर आलं होतं, पण आवरलं.

ती चकती लावली. सुई टेकली आणि ती गाणारी बाई डुलायला लागली. दर फेरीला आवाज जरा वर चढे, मग खाली उतरे, नांगरलेल्या होडीसारखा. आणि आंटी उठल्या. सूर चढला की दोघं टाचा उचलत, उतरला की गुडघ्यात वाकत. एकदाही चुकले नाहीत. आयुष्यभर ते त्या वाकड्या भोकावर नाचत आले होते.

गाणं सहा वेळा वाजवलं. शेवटी शेजारणीही अंगणात उतरल्या. आंटींनी मलाही ओढलं. माझेच पाय चुकत होते आणि त्या खदखदून हसत होत्या.

प्लेअर मी तिथेच ठेवला, ती एक रेकॉर्डही. अंकल नको नको म्हणत राहिले, आंटींनी मात्र गुपचूप त्यावर रुमाल टाकला. बाकीच्या रेकॉर्डी ट्रंकेत भरल्या.

निघताना अंकल म्हणाले, "थांब रे जरा." त्यांनी नवा बोया घेतला, कोयता घेतला आणि माझ्यासाठी तशीच एक चकती कापली. भोक पाडून उजेडात धरली, एक डोळा मिटून पाहिली.

"बरोबर मध्ये आलं ना?"

"अगदी मध्यात," मी म्हणालो.

घरी मोठा प्लेअर आहे. त्याच्यावर रोज संध्याकाळी एक रेकॉर्ड लावतो. नावंही नीट न उरलेले ते गायक सातासमुद्रापारचे, पण मला मिळाले ते गोराईच्या ओट्यावर, याबद्दल मी फार ऋणी आहे. पितळी चकती हल्ली खणात असते. सूर चढला की टाचा आपोआप उचलल्या जातात. काल पाहिलं, स्वयंपाकघरात बायकोच्याही.