टाकीच्या तोंडाशी करायची सही

सॉल्व्हंटचा गोडसर वास आला की मी सुपरवायझर होतो त्या तारापूरच्या कारखान्यातली ती सकाळ आठवते. टाकी धुवायला माणूस आत उतरण्याआधी मी स्वतः शिडी चढून गॅसचा मीटर टाकीत सोडायचो, आकडा बघायचो आणि तिथेच आत उतरायच्या परमिटवर सही करायचो. अकरा वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. त्या दिवशी केबिनमध्ये पाहुणे बसले होते. जवळच्या कुंभवली गावचा, माझ्याच वयाचा कामगार परमिट घेऊन दारात आला आणि मी बसल्या जागी सही केली. "साहेब, तुमी वर येत नाय?" त्याने विचारलं. "बघितलंय मी, उतर बिनधास्त," मी खोटंच बोललो. अर्ध्या तासाने त्याला दोराने बाहेर ओढलं, तेव्हा श्वास थांबलेला होता. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याची बायको मला म्हणाली, "साहेब, तुमची सही असली म्हंजे भ्यायचं नाय, असं ते सांगायचे." तिला काहीच ठाऊक नव्हतं. आता माझा स्वतःचा कारखाना आहे, आणि अजूनही शिडी मीच चढतो. नवे कामगार म्हणतात, साहेब शिस्तीचे फार कडक. कडक मी तेव्हाही इतकाच होतो. एक दिवस सोडून.