शेपटीचं जावळ

माझ्या दुकानात कुणी कुत्रं घेऊन आलं की मी आधी एकच विचारतो, "याचा काही नवस बोललाय का?" लोकांना वाटतं, उन्हानं याचं डोकं फिरलंय. लसी टोचल्यात का, चावतं का, हे प्रश्न त्यांना चालतात. नवस म्हटलं की नुसते बघत राहतात. बघू द्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

धाराशिवात कुत्र्यांचं पार्लर काढायचं खूळ माझंच. पुण्याला जाऊन हे काम शिकलो, मशीन, कात्र्या, ड्रायर घेऊन आलो आणि रस्त्याकडेला गाळा धरला. आमच्या अप्पांची हयात मेंढरांमागं गेली. लोकर कातरण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. ते दुकान बघायला आले, टेबलाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "मेंढराची लोकर इकता तरी येती. ह्या केसांचं काय करतूस?" पाव्हण्यांनी 'पोरगं काय करतंय' विचारलं की 'पुण्याला शिकून आलंय' एवढंच सांगतात. पुढं त्यांना खोकला येतो.

सुरुवातीला कुत्री कमी आणि माणसंच जास्त यायची. एक म्हातारबा तर सरळ टेबलावर चढून बसले आणि दाढी कर म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, इथं फक्त कुत्र्यांची करतो." ते म्हणाले, "मग मला का वाघ समजलास? कर की!" शेवटी केली. सांगून ऐकतंय कोण?

तर ती गोष्ट मे महिन्यातली. एका शाळेतले विज्ञानाचे सर सकाळीच एक पांढरं कुत्रं काखेत मारून आले. ल्हासा जातीचं, पण जात ओळखायला चेहरा कुठं दिसत होता! केस जमिनीवर लोळत होते, पोटाखाली गुठळ्या झालेल्या, डोळे कुठंतरी आत. आमच्याकडच्या उन्हात ते बिचारं जीभ बाहेर काढून धापा टाकत होतं. सर म्हणाले, "एकदम साफ करून टाका. गरमीनं मरायलंय ते." मी म्हटलं, बरं झालं आणलंत. गुठळ्या कातड्यापर्यंत गेल्या की कंगवा चालत नाही, मशीनच लावावं लागतं.

सर गेले आणि मी कामाला लागलो. पाठ, पोट, पाय, कान, सगळं निघालं. आतून चांगलं गुलाबी, टवटवीत कुत्रं बाहेर आलं. फक्त शेपटीनं दगा दिला. शेपटीजवळ कात्री गेली रे गेली की ते गर्रकन फिरायचं आणि दात दाखवायचं. लाडीगोडी झाली, बिस्किटं झाली. शेवटी त्यानं माझं बोट धरलंच. मला असला राग आला! म्हटलं, राहू दे तुझी शेपटी, चहा पिऊन आल्यावर बघतो तुझ्याकडं.

चहा राहिला तसाच. दारात एक बाई उभ्या. पन्नाशीच्या, घामेजलेल्या, पदर खोचलेला. "ओ दादा, आमचं बाळ आणलंय म्हणं ह्यांनी इथं?"

मी टेबलाकडं बोट दाखवलं. त्यांनी तिकडं पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं, मग मागच्या पिंजऱ्यात पाहिलं.

"हे न्हाय ओ. आमचं कुठाय?"

"हेच तुमचं."

तेवढ्यात कुत्र्यानं त्यांना ओळखून उडी मारली. बाईंनी ते उचललं, उलटंपालटं केलं, आणि माझ्या दुकानात असा काही हंबरडा फोडला की शेजारचा पंक्चरवाला हातात लोखंडी टामी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, माझ्या हातून कुत्रं मेलं.

"काय केलंत ओ दादा हे! आईचं जावळ होतं ते!"

मला काही उमजेना. मग रडत रडत त्यांनीच सांगितलं. घरात लेकरू नाही. लग्नाला तीस वर्षं होत आली, सगळे दवाखाने झाले, सगळे देव झाले. मग सरांनी हे पिल्लू आणलं. आणलं आणि महिन्यातच त्याला रक्ताची हगवण लागली. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि म्हणाले, भरवसा धरू नका. तेव्हा या बाई पिल्लापाशी बसून तुळजापूरच्या आईला म्हणाल्या, एवढं पदरात घाल, याचं जावळ तुझ्या दारात काढीन. पिल्लू जगलं. तेव्हापासून त्याच्या अंगाला कात्री लागली नव्हती. जायचं जायचं म्हणत वर्ष निघून गेलं, आणि सरांनी उकाड्याच्या नादात नवस मोडून ठेवला. तोही माझ्या हातानं!

"आता आई कोपली म्हंजी? हे गेलं म्हंजी मी काय करू?" एवढं म्हणून त्या खाली फरशीवरच बसल्या, त्या केसांच्या ढिगाऱ्यात. खोटं कशाला सांगू, मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. त्या खरंच भ्यालेल्या होत्या.

एवढ्यात कुत्र्यानं शेपटी हलवली. सगळं अंग उघडं आणि मागं हा एवढा झुबका, वाऱ्यावर डुलणारा. बाईंचं रडणं थांबलं.

"शेपटीचं न्हाय काढलं तुमी?"

आता बघा, खरं सांगायचं तर म्हणायला पाहिजे होतं की ताई, तुमचं बाळ चावलं म्हणून राहिलंय. पण तोंडातून निघून गेलं, "न्हाय ताई. तेवढं देवीसाठी ठेवलंय."

बाईंनी डोळे पुसले. माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. म्हणाल्या, "तुमाला कळतं ओ दादा. आमच्या मास्तराला न्हाय कळलं. आता तुमीच यायचं तुळजापूरला. दुसऱ्याचा हात न्हाय लागू द्यायची मी."

घ्या! बोलून अडकणं म्हणतात ते हे. बोट माझं सुजलेलं आणि त्या शेपटीचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात.

तोवर सरही आले होते, दारातच चोरासारखे उभे. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "जावळ म्हंजी मामाची मांडी लागती. मामा कोण?"

बाईंनी तोंड फिरवलं. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मी नको तिथं बोट घातलं होतं.

मामा होता. बाईंचा धाकटा भाऊ, उमरग्याला राहणारा, शेतीवाडी असलेला. पण सहा वर्षं झाली, बहीण-भावाचं बोलणं नव्हतं. कारण काय, तर फेटा! भावाच्या मुलीच्या लग्नात सगळ्या पाव्हण्यांना फेटे बांधले. बांधत बांधत फेटेवाला आमच्या सरांपर्यंत आला आणि फेटेच संपले. नवरीच्या सख्ख्या आत्याचा नवरा, आणि मांडवात बोडका! सरांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणाले, डोक्याला वारा लागतोय, बरंय. पण बाई भरल्या ताटावरून उठल्या. "माझ्या माणसाचं डोकं तुला दिसलं न्हाय व्हय?" म्हणून भावाला चार माणसांत बोलल्या आणि न जेवता गाडीत बसल्या. भावालाही राग आला. फेटेवाल्याची चूक आणि मला बोलती! तेव्हापासून राखी नाही, दिवाळी नाही, फोन नाही.

"मग करा की फोन," मी म्हटलं. माझी जीभ गप्प बसत नाही, हा माझा जुना आजार.

बाईंनी कुत्र्याकडं पाहिलं. त्याच्या जिवापुढं फेटा केवढा? माझ्या दुकानातूनच फोन लावला. सरांनी स्पीकर चालू करून दिला.

"कोण?"

"मी, अक्का."

पलीकडं ट्रॅक्टर धडधडत होतं.

"बोल."

"मंगळवारी तुळजापूरला ये. जावळ हाय. मामा लागतोय."

ट्रॅक्टर बंद झालं. आवाज एकदम बदलला. "कुणाचं जावळ? अक्का... कुणाचं?"

त्या एका क्षणात त्या माणसाला काय काय वाटलं असेल, ते मला आजही सांगता येत नाही. बाईंनी डोळे मिटून सांगितलं, "आमच्या कुत्र्याचं."

"कुत्र्याचं!" फोन फुटतोय की काय असं वाटलं. "सहा वर्षांनी फोन करतीस आन मला कुत्र्याचा मामा करतीस? गावात तोंड दाखवू का नको मी?" आणि फोन ठेवला.

बाई फरशीवरून उठल्या. कुत्रं काखेत घेऊन गेल्या. मंगळवारी सकाळी या, एवढं सांगायला विसरल्या नाहीत.

मंगळवारी आम्ही सरांच्या गाडीतून निघालो. पुढं सर आणि मी, मागं बाई आणि अंघोळ घातलेलं कुत्रं, कपाळाला कुंकवाचा टिळा. देवळात कुत्रं नेता येत नाही. बाई एकट्या जाऊन दर्शन घेऊन आल्या आणि वाहनतळाच्या कडेला लिंबाच्या सावलीत आम्ही सतरंजी अंथरली. सतरंजीवर शेपटीवाला आणि त्याच्यापुढं कात्री घेऊन मी. यात्रेकरूंना दुसरं काय पाहिजे! बघताबघता कडं झालं. एक आजी हात जोडून गेल्या. एका न्हाव्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "कुठल्या गावचा हाय ह्यो रिवाज?" मी म्हटलं, धाराशिवचा, नवीन निघालाय.

"करू या का सुरू?" मी विचारलं.

"थांबा जरा. ऊन उतरू द्या," बाई म्हणाल्या.

सकाळचे दहा वाजत होते. ऊन कसलं उतरतंय! पण त्यांची नजर उमरग्याच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांवर होती. सर म्हणाले, "अगं, मी धरतो मांडीवर." तर त्यांच्यावरच खेकसल्या, "बाप धरत नसतोय! मामा नसंल तर नवस फिटला म्हणायचा का?" सर गप्प. मी गप्प. कुत्रंसुद्धा गप्प.

थोड्या वेळानं सरांनी मला कोपरानं ढोसलं. रस्त्यापलीकडं रसवंतीपाशी एक उंच माणूस उभा होता, पांढरे कपडे, काखेत पिशवी, उसाचा रस पीत. दोन ग्लास झाले तरी हलेना. आमच्याकडं पाठ, पण दर घोटाला मान थोडी मागं वळत होती.

बाईंनी पाहिलं. उठल्या आणि इथूनच ओरडल्या, "आलास ना? मग तिथं काय करायलास?"

तो रस्ता ओलांडून आला. चेहरा कडू. "मी देवीला आलोय. तुझ्याकडं न्हाय आलो."

"देवी तिकडं हाय. इकडं कशाला आलास मग?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या आणि सतरंजीवर मांडी घालून बसला. बाईंनी कुत्रं त्याच्या मांडीवर ठेवलं, तोंड त्याच्याकडं, शेपटी माझ्याकडं. मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, आई, आता माझी बोटं तुझ्या हवाली. आणि पहिली बट कापली.

कुत्रं चवताळलं. पण या वेळी दात माझ्याकडं नव्हते.

"अगं आई आई आई! अक्का!"

"हलू नगं! मामाच्या मांडीवर लेकरू रडतंच!"

"रडायलंय कुठं? चावायलंय!"

"सगळ्या सुया टोचल्यात हो, काळजी करू नका," मी म्हटलं, आणि कात्री जोरात चालवली. पुण्यात शिकवलेलं सगळं विसरलो. जमेल तसं, वाकडंतिकडं, पण झुबका उतरवला. बाई एकेक केस स्वच्छ रुमालात झेलत होत्या. आणि तो माणूस, मनगटावर दातांचे वण घेऊन, कुत्र्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. सोडलं मात्र नाही.

झालं. बाईंनी देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा दिसला.

भावानं पिशवी पुढं ओढली. आतून एक फेटा काढला, गुलाबी, कोरा. काही न बोलता उठला आणि आमच्या सरांच्या डोक्याला बांधायला लागला. "दाजी, ह्यो तुमचा ऱ्हायला होता." सर विज्ञान शिकवणारा माणूस, पण त्यांचे डोळे भरून आले. एरवी डोक्याला वारा लागलेला बरा म्हणणारे, दिवसभर फेटा काढला नाही त्यांनी.

मग भावानं पिशवीतून आणखी एक पुडकं काढलं. आत लहान पोराचा ड्रेस होता, वर्षाच्या लेकराला होईल एवढा. सदरा, इवलीशी चड्डी, कुंचीसुद्धा. जावळाला मामानं कपडे आणायचे असतात.

बाईंनी सदरा उलगडून कुत्र्याला लावून पाहिला. बाह्या लोंबत होत्या. चड्डीला शेपटीची वाट नव्हती. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, द्या इकडं, कात्रीनं मापात बसवतो."

"खबरदार कात्री लावलीत तर!" त्या एवढ्यानं ओरडल्या की मी दोन पावलं मागं सरलो. मग भावाकडं वळल्या. रडू दाबत, रागावल्यासारखं म्हणाल्या, "येडा कुठला. कुत्र्याला मानसाचं माप आणतंय का कुणी?"

तो मान खाली घालून मनगट चोळत होता. म्हणाला, "मला काय ठाव माप? मी कधी कुणाचा मामा झालोय, अक्का?"

बाईंनी तो सदरा छातीशी धरला आणि मनसोक्त रडल्या. मग पदरानं आधी भावाचं मनगट पुसलं, नंतर स्वतःचे डोळे.

"झालास की आता," त्या म्हणाल्या. "ऊठ, जेवायला चल. तुझ्या मांडवातनं उठले तवापासनं उपाशी हाय मी."