स्टानाची जीभ

वीट चाटून तिची जात सांगणारी बाई सर्बियातल्या आमच्या अख्ख्या व्होइव्होदिनात एकच, स्टाना. पाडलेल्या घरांच्या विटांचा चुना बोथट कुऱ्हाडीने खरवडून त्या पुन्हा वापराजोग्या करण्यात तिची तीस वर्षं गेली. कुणी नव्या विटांचं कौतुक केलं की हातातली जुनी वीट दाखवून फणकारायची, "हिने शंभर हिवाळे काढलेत. तुझी दहा काढू दे, मग बोल." पण जुन्या विटेची खोडही तिलाच ठाऊक. गोठ्यातली वीट जनावरांचं मूत प्यायलेली असते. कितीही धुवा, गिलाव्यातून मीठ फुटतं आणि भिंत जन्मभर ओली राहते. डोळ्यांना ते दिसत नाही, जिभेला कळतं.

आणि जानेवारीच्या तापात नेमकी त्याच जिभेची चव गेली. सांगणार कुणाला? लोक तिच्या शब्दावर घरं बांधत होते. गप्प बसली. चुकलीच, दुसरं काय!

लेक नेवेनाला सातवा महिना. बाळासाठी खोली काढायची म्हणून जुन्या सहकारी शेतीच्या पडक्या इमारतीतल्या विटा आल्या. धान्याचं कोठार होतं, म्हणे. स्टानाने सवयीने जीभ लावली, मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

भिंत कमरेपर्यंत आली आणि स्टानाला ना झोप येत, ना बसवत. ग्लिगोर गवंडी म्हणाला, "काकू, अंड्यावर आलेल्या कोंबडीसारख्या काय फिरताय? उद्या वर सिमेंटचा पट्टा ओततो. मग या विटा सुट्या व्हायच्या नाहीत."

स्टानाने एक वीट उचलून लेकीपुढे धरली. "चाट."

"तू चाटलीस की."

"मला चव येत नाही. जानेवारीपासून."

ग्लिगोरची थापी थांबली. नेवेनाने जीभ लावली आणि थुंकली. दुसरी वीट, तिसरी. सगळ्या खारट.

"उतरवा सगळी भिंत," ती ग्लिगोरला म्हणाली. बाळ येईपर्यंत खोली होणार नव्हती, हे तिघांनाही कळलं. मग आईकडे वळली. "आणि माझं सूप? रोज दोन वाट्या घेतेस, झकास झालंय म्हणतेस."

"गरम असायचं," स्टाना म्हणाली. "तेवढंच कळायचं गं."

भिंतीसाठी नेवेनाच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता ती विटांच्या ढिगावर बसली आणि हमसून रडली.