शमुवेलमामांचे बारा प्रेषित

आमच्या शुक्रवारच्या बैठकीचा एकही फोटो नाही. तिथे अशा बैठकांना परवानगी नव्हती, म्हणून तसा नियमच होता. सौदीत, धाहरानजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून, आवाज बेताचा ठेवून दहा-बारा मराठी ख्रिस्ती माणसं प्रार्थनेला बसायची. फोटो काढायचा नाही, ग्रुपवर काही टाकायचं नाही. त्यामुळे झालं असं, की फोटोंच्या जागी किस्से साठत गेले. आता आम्ही कुणी नगरला, कुणी वसईला, कुणी जालन्याला. पण फोन लागला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "ए, तो यहूदाचा सांग ना!"

तर आधी तोच सांगतो.

* * *

शमुवेलमामा आमचे पुढारी. नगरचे. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, पंपांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. मी त्याच वर्कशॉपात प्लॅनर. एका वर्षी मामांनी ठरवलं, यंदा प्रेषितांचा अभ्यास. बारा प्रेषित, प्रत्येकाने एकेक वाटून घ्यायचा. तो मूळचा कोण, प्रभूने त्याला कशासाठी निवडलं, आणि प्रभू गेल्यावर त्याने पुढे काय केलं, हे आपल्या शब्दांत सांगायचं.

पेत्र, योहान, थोमा पटापट गेले. प्रभूला दगा देणारा यहूदा मात्र कुणी घेईना. वसईचा डॉमनिक वेल्डर होता, शिफ्ट करून झोपला होता, तो अर्ध्या तासाने आला.

"काय उरलंय?"

"यहूदा."

"लेट आलो म्हणून डायरेक्ट यहूदा?"

आम्ही इतके हसलो, की आवाज बाहेर जाऊ नये म्हणून माझ्या बायकोने, ग्रेसने, स्वयंपाकघरात रिकामा मिक्सर लावला!

पण डॉमनिकची पाळी आली तेव्हा तो हातात कागद घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पेत्राने तीनदा प्रभूची ओळख नाकारली. यहूदाने त्याला पकडून दिलं. दोघंही चुकले, दोघांनाही पस्तावा झाला. पण पेत्र रडून झाल्यावर परत बाकीच्यांत येऊन बसला. यहूदा एकटाच निघून गेला आणि जीव दिला. मला वाटतं, त्या दिवशी त्याला शोधायला कुणीतरी जायला पाहिजे होतं."

मामांनी तिथल्या तिथे नियम केला: जो शुक्रवारी दिसणार नाही, त्याला बाकी सगळ्यांनी फोन करायचा.

पुढच्याच शुक्रवारी डॉमनिक झोपून राहिला. त्याला अकरा फोन गेले! अर्ध्या तासात विस्कटलेल्या केसांनी दारात हजर.

"जिवंत आहे मी! आता झोपू तरी द्या!"

* * *

कंपनीच्या कामगार कॅम्पातल्या मंडळींना व्हॅनने आणायचे कमरचाचा. कोकणातले, हर्णैचे. आम्ही बसलो की ते आतल्या खोलीत चहा घेत टेकायचे आणि मग त्यांच्या जुम्म्याच्या नमाजाला निघायचे. आमच्या नगरकडे ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटली की "सलाम" म्हणतात. चाचा पहिल्यांदा दारात आले, मामा "सलाम" म्हणाले, आणि ओळख करून द्यायचं कामच उरलं नाही.

एकदा मामा सांगत होते: प्रभूचे शिष्य रात्रभर समुद्रावर होते, मासा म्हणून लागला नाही. सकाळी प्रभूने सांगितलं, उजव्या बाजूला जाळं टाका. टाकलं, तर दीडशेच्या वर मोठाले मासे!

आतून चाचांचा आवाज आला, "ईसांच्या हवारींची, त्या शिष्यांची गोष्ट ना ही? पण जाळ्याचं काय झालं?"

"जाळ्याचं काय?"

"फाटलं की नाय? एवढ्या वजनाने फाटायला हवं."

मामांनी पान बघितलं. "नाही फाटलं. तसं लिहिलंय इथे."

चाचा कप हातात घेऊन बाहेरच आले. "मग खरी करामत ती! मासे काय, दर्यात असतातच."

* * *

पेत्र सुनीलकडे होता. सुनील जालन्याचा, एसी मेकॅनिक. लग्नाला चार वर्षं झालेली, पण त्यातले बायकोसोबतचे दिवस सगळे मिळून पाच महिने. फॅमिली व्हिसा कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, काढायचा; कॅम्पात राहणाऱ्याला तो नव्हता.

त्या दिवशी आमच्या आठ वर्षांच्या रियाने मध्येच विचारलं, "अंकल, पीटर मॅरिड होता?"

"होता की! त्याच्या सासूला ताप आला होता, प्रभूने तो उतरवला. सासू आहे म्हणजे बायको आलीच."

"मग तो सगळीकडे फिरायचा तेव्हा व्हेअर वॉज शी?"

सुनीलने कागद उलटसुलट करून बघितला. त्याने ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. मामांनी सावरून घेतलं. "आधी घरीच असेल पोरी. पण पुढे पेत्र बायकोला बरोबर घेऊन फिरायचा. पौलानेच पत्रात तसं लिहून ठेवलंय."

"तिचा व्हिसा कुठल्या कफीलने काढला हो मामा?" सुनील म्हणाला. सगळे हसले. तोही हसला, पण डोळे पुसत.

चहाच्या वेळी तो गॅलरीत जालन्याला फोन लावून उभा. "अगं ऐक ना, पेत्रसुद्धा आधी एकटाच होता. नंतर नेलं त्याने बायकोला. आपलंही होईल." पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकलं, मग फोनवर हात ठेवून आमच्याकडे वळला.

"तिला वाटतंय पेत्र आमच्या कॅम्पातलाच कुणीतरी. म्हणतेय, त्याची कंपनी कुठली ते विचारा आणि तुम्हीही तिथेच लागा!"

* * *

त्या वर्षांत सगळीकडे एकच विषय, सौदायझेशन. जमेल त्या जागेवर सौदी माणूस बसवायचा. आमच्या वर्कशॉपात माजेद आला. बुरैदाकडचा, नुकताच बाप झालेला, अंगाने शिडशिडीत. त्याने वर्षभर मामांच्या हाताखाली शिकायचं, मग मामांची खुर्ची त्याची. दोघांनाही ते पहिल्या दिवसापासून माहीत.

पहिल्याच दिवशी तो माझ्याकडे आला, चेहरा गोंधळलेला. "तुम्ही सगळे त्या मिशीवाल्या माणसाला 'मामा' का म्हणता?"

मला काही कळेना. मग लक्षात आलं. अरबीत मामा म्हणजे आई! सहा फुटी फोरमनला पंधरा वेल्डर दिवसभर "आई, आई" करतायत! मी समजावलं, आमच्याकडे आईच्या भावाला म्हणतात. तरी तो दिवसभर हसत होता.

मामांनी त्याला सगळं शिकवलं. पंप उघडायचा कसा, शाफ्ट सरळ आहे का ते बघायचं कसं, कुठला आवाज चांगला, कुठला वाईट. डॉमनिकला राहवेना. "मामा, जरा हातचं राखून शिकवा की. तुमच्याच खुर्चीवर बसणार आहे तो."

मामा म्हणाले, "त्या बारा जणांनी हातचं राखलं असतं, तर तू-मी आज कुणाचं नाव घेत बसलो असतो?"

एकदा माजेदचं तान्हं बाळ आजारी होतं, तो ड्यूटीवर आला पण एकच बोल्ट सारखा सोडून परत आवळत होता. मामांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला, स्वतःचा डबा त्याच्यापुढे उघडला, जेवायला लावलं आणि घरी पाठवलं. जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला.

"पहिल्या दिवशी मी हसलो होतो ना? आता कळलं का म्हणता ते."

* * *

मामांच्या जाण्याचं नक्की झालं. मग बैठक कोण चालवणार? मामा म्हणाले, "यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा प्रेषितांनी काय केलं? दोन नावं काढली, प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. मत्थियाची निघाली." आमच्यातली दोन नावं निघाली, सुनील आणि मी. ग्रेसने कुकरच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकल्या, रियाने उचलली. माझी निघाली.

मला सुनीलकडे बघवेना. मी मामांना विचारलं, "ज्याची चिठ्ठी निघाली नाही, त्याचं पुढे काय झालं?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. पण पहिल्या दिवसापासून बरोबर होता तो. दुसऱ्या दिवशीही आला असणार."

पुढच्या शुक्रवारी बैठकीच्या तासभर आधी बेल वाजली. सुनील, हातात स्टूल आणि ब्रश. न विचारता आमच्या एसीचे फिल्टर काढून धुतले, परत बसवले, बटण दाबलं आणि म्हणाला, "पुढारी घामाघूम बरा दिसत नाही!"

* * *

मामांच्या शेवटच्या दिवशी माजेद त्यांच्या खोलीवर आला. आम्ही बॅगा बांधत होतो. त्याने गावाकडच्या खजुराची पेटी खाली ठेवली आणि उभाच राहिला. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "मामा, मी शेवटच्या परीक्षेत नापास झालो असतो, तर तुम्ही राहिला असता?"

"राहिलो असतो कदाचित."

"मग तुम्ही मला पास का केलं?"

मामा बॅगेवर बसून चेन ओढत होते. ओढता ओढताच म्हणाले, "तू नापास झाला असतास, तर मी नापास होऊन इथे राहिलो असतो."

माजेदने पुढे होऊन चेनचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून बॅग बंद केली.

* * *

मामा गेल्यावर सात-आठ महिन्यांनी वर्कशॉपात नासेर नावाचा नवा सौदी ट्रेनी आला. आता फोरमन माजेद. मी शेड्यूल घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दोघं एका पंपाचं झाकण बसवत होते. त्याचे बोल्ट एकदम आवळायचे नसतात. समोरासमोरचे, थोडे थोडे, पाळीपाळीने. नासेर घाईत होता. त्याने एकाच बोल्टवर सगळा जोर लावला.

माजेदने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"हळू, बाळा, हळू!"

मी जागीच थांबलो. अस्सल नगरी मराठी! अरबी हेल अजिबात नाही.

नासेर बुचकळ्यात पडला. त्याने अरबीत विचारलं, "म्हणजे काय?"

माजेद गंभीरपणे म्हणाला, "बोल्ट आवळताना हे म्हणायचं असतं. टेक्निकल शब्द आहे."

नासेरने मान डोलावली, खिशातून डायरी काढली आणि एकेक अक्षर विचारत अरबीत लिहून घेतलं.